पाणबुडीवरील मुलाच्या आईवडिलांस

मुलगा परगावी गेला की त्याच्या खुशालीची वाट पाहणे हा आईवडिलांचा जुनाच उद्योग आहे. पूर्वी पत्राची वाट पाहत, आता फोनची पाहतात, एवढाच काय तो फरक. पत्र वेळेवर आले की जेवण गोड लागते, लांबले की घरात कोणी उघड बोलत नाही, पण दाराकडे डोळे लागलेले असतात. परंतु अशीही एक नोकरी आहे की जिच्यात मुलगा महिना-दीड महिना एक शब्दही कळवीत नाही, कळवू शकत नाही, आणि त्याने कळवू नये अशीच त्या नोकरीची अपेक्षा असते. ती नोकरी म्हणजे नौदलाच्या पाणबुडीवरील. अशा मुलांच्या आईवडिलांशी आज मला चार गोष्टी बोलावयाच्या आहेत. मी नौदलातला नव्हे. जबलपूरच्या एका शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकविलेला मी एक निवृत्त मास्तर आहे. मात्र माझा धाकटा मुलगा बारा वर्षे पाणबुडीवर होता, आणि त्या बारा वर्षांत शाळेत न शिकलेल्या पुष्कळ गोष्टी मला आणि त्याच्या आईला शिकाव्या लागल्या.

आमचे जबलपूर हे फौजेला सरावलेले गाव. तोफगाड्यांचा कारखाना येथे १९०४ पासून आहे. खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स ह्या पलटणींची केंद्रे येथे आहेत, सिग्नल दळाचे शिक्षणकेंद्र आहे. गल्लोगल्ली कोणाचा ना कोणाचा मुलगा सैन्यात आहे, आणि सीमेवर गेलेल्या मुलाच्या घरी कसे वागावे, काय विचारावे, काय विचारू नये, हे शेजाऱ्यांना उपजतच कळते. पण समुद्र येथून शेकडो मैल दूर. मुंबईची गाडी धरली तर सुमारे एक हजार किलोमीटर. पाणी म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे नर्मदा उभी राहते, ग्वारीघाटाच्या पायऱ्या आणि भेडाघाटचे संगमरवरी कडे उभे राहतात. त्यामुळे मुलाने पाणबुडीसाठी आपण होऊन नाव दिले असे कळविले, तेव्हा घरात कोणाला काय बोलावे हेच सुचेना. माझ्या मातोश्री तेव्हा हयात होत्या. त्यांनी एवढेच विचारले, “बुडी मारायची, ते समजले. पण वर केव्हा यायचे, ते कोण सांगणार?”

प्रश्न साधा होता, आणि पुढे बारा वर्षे आम्ही त्याच प्रश्नाभोवती फिरत राहिलो.

पाणबुडीवर कोणाला सक्तीने पाठवीत नाहीत. जाणारा स्वेच्छेने जातो, आणि गेल्यावरही त्याची पारख होतच राहते. विशाखापट्टणम येथे ‘सातवाहन’ नावाची नौदलाची संस्था आहे. तेथे पाणबुडीचे शिक्षण मिळते, आणि बुडालेल्या पाणबुडीतून बाहेर कसे पडावे ह्याचाही सराव करवून घेतात. आपल्या नौदलाची पहिली पाणबुडी ‘कलवरी’ ८ डिसेंबर १९६७ रोजी सोव्हिएत संघातील रिगा बंदरात सेवेत दाखल झाली. म्हणून ८ डिसेंबर हा दिवस नौदलात पाणबुडी दिन म्हणून पाळतात. पुढे रशियन आणि जर्मन बनावटीच्या पाणबुड्या आल्या. मुंबईच्या माझगाव गोदीत फ्रेंच आराखड्यावरून सहा पाणबुड्या बांधून झाल्या. त्यांतली पहिली, पुन्हा ‘कलवरी’ हेच नाव धारण करणारी, २०१७ मध्ये, आणि सहावी ‘वागशीर’ २०२५ मध्ये सेवेत आली. दुसरीचे नाव ‘खांदेरी’. थळच्या समुद्रातील ज्या बेटावर शिवछत्रपतींनी किल्ला उभारला, त्याचेच हे नाव. मराठी घरातल्या आईला हे नाव ऐकून थोडा धीर येतो, हा माझा अनुभव आहे.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. मुलगा बोलत का नाही?

ह्याचे पहिले कारण निसर्गातच आहे. माझे हे बोलणे ज्या लहरींवर स्वार होऊन तुमच्यापर्यंत येते, त्या लहरी हवेतून डोंगर ओलांडून जातात, पण समुद्राच्या खाऱ्या पाण्यात शिरल्याबरोबर विरून जातात. खारे पाणी विजेचे वाहक असल्यामुळे ते त्यांची शक्ती शोषून घेते. मध्यम लहरींची लांबी तीनशे मीटरांच्या आसपास असते. त्या पाण्यात हातभरही नीट टिकत नाहीत. पंधरा-वीस किलोमीटर लांबीच्या प्रचंड लहरी निर्माण केल्या तरच त्या पाण्याखाली काही मीटर उतरतात. अशा लहरी पाठविण्यासाठी तामिळनाडूतील तिरुनेलवेली जिल्ह्यात ‘कट्टबोम्मन’ हे केंद्र १९९० मध्ये सुरू झाले. तेथील मनोरे शेकडो मीटर उंच आहेत, आणि ते विस्तीर्ण जागेवर पसरलेले आहेत. आता विचार करा, जे मनोरे मैदानात मावत नाहीत, ते पाणबुडीत कसे मावणार? म्हणून पाणबुडी पृष्ठभागाजवळ येऊन तो संदेश ऐकू शकते, पण त्याच वाटेने उत्तर देऊ शकत नाही. श्रोतेहो, रेडिओपाशी बसलेल्या माणसासारखीच तिची स्थिती असते. तुम्ही आता माझे बोलणे ऐकता आहात, पण मला उलट काही सांगू शकत नाही. तुमचा मुलगाही पाण्याखाली तसाच बसलेला असतो.

दुसरे कारण युद्धशास्त्राचे. उत्तर द्यावयाचेच झाले तर पाणबुडीला पृष्ठभागाजवळ येऊन काठी बाहेर काढावी लागते आणि आवाज हवेत सोडावा लागतो. तो आवाज मित्राला ऐकू येतो, तसा शत्रूलाही येतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या किनाऱ्यावरील मुख्यालयाशी वरचेवर बिनतारी संभाषण करीत. दोस्तांनी त्या संदेशांची दिशा टिपण्याची यंत्रे जहाजांवर बसविली, सांकेतिक भाषाही उलगडली, आणि त्या पाणबुड्या एकामागून एक शोधून बुडविल्या. त्या दलातील सुमारे चाळीस हजार माणसांपैकी सुमारे तीस हजार परत आली नाहीत. ह्या संहाराची इतरही कारणे होती, पण बोलकेपणा हे त्यांतले एक मोठे कारण होते. जगातील सर्व नौदलांनी तो धडा गिरविला आहे. पाणबुडीपाशी चिलखत नाही, वेगही फारसा नाही. ती कोठे आहे हे कोणाला ठाऊक नसणे, एवढीच तिची ढाल.

हे मला पहिल्यांदा नीट उमगले, तेव्हा मी मुलाच्या आईला म्हटले, “तो बोलत नाही म्हणून तू घाबरतेस. पण तो बोलत नाही, म्हणूनच तो सुरक्षित आहे.” तिने ऐकून घेतले. तिचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही. आईचे समाधान पदार्थविज्ञानाने होत नसते. परंतु त्या दिवसापासून शांततेचा अर्थ आमच्या घरात बदलला. पूर्वी फोन वाजला नाही की काहीतरी झाले असेल असे वाटे. पुढे फोन वाजला नाही की काम चालू आहे असे आम्ही म्हणू लागलो. आज मला जे सांगावयाचे आहे त्याचे सार हेच आहे. मुलाचे मौन ही वाईट बातमी नव्हे. तो त्याच्या कामाचा भाग आहे. आईवडिलांनी ह्या मौनाशी भांडू नये, ते येण्यापूर्वी त्याची तयारी करावी.

तयारीची पहिली पायरी म्हणजे न पाहिलेल्या गोष्टीची भीती कमी करणे. विशाखापट्टणमच्या समुद्रकिनाऱ्यावर ‘कुरसुरा’ नावाची पाणबुडी वाळूवर आणून ठेविली आहे. १९६९ पासून २००१ पर्यंत तिने नौदलाची सेवा केली, आणि २००२ पासून ती सर्वांना पाहण्यासाठी खुली आहे. आम्ही उभयता ती पाहावयास गेलो. ९१ मीटर लांबीची ती नळी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जाताना वाकावे लागते, गोल झडपांच्या दारांतून पाय उचलून आत टाकावा लागतो. एकेकाळी तेथे पंचाहत्तर माणसे राहत. मुलाच्या आईने एका बिछान्याची रुंदी विती मोजून पाहिली. मग ती इवल्याशा स्वयंपाकघरापाशी बराच वेळ उभी राहिली आणि तेथील माहिती सांगणाऱ्या गृहस्थांना तिने विचारले, “ह्यात पोळ्या होतात?” होतात असे कळल्यावर तिच्या चेहऱ्यावरचा ताण कमी झालेला मी पाहिला. अंधारातल्या कल्पनेपेक्षा अरुंद बिछाना आणि लहानसे स्वयंपाकघर पुष्कळ बरे. ज्यांना शक्य असेल त्या आईवडिलांनी ही यात्रा एकदा जरूर करावी.

आतले जीवन कसे असते, तेही जाणून घ्यावे. पाणबुडीत दिवस आणि रात्र नसते, पहारा असतो. काही तास काम, काही तास विश्रांती, पुन्हा काम. गोडे पाणी जपून वापरावे लागते, म्हणून रोजची आंघोळ विसरावी लागते. ताजी भाजी काही दिवसांत संपते, मग डबाबंद पदार्थ. डिझेलवर चालणाऱ्या पाणबुडीला आपल्या विद्युतघटांत वीज भरून घेण्यासाठी अधूनमधून पृष्ठभागाजवळ येऊन नळीने हवा ओढावी लागते. त्या तेलाचा वास कपड्यांत, केसांत, वह्यांत मुरतो. मुलगा रजेवर आला की त्याचे कपडे दोनदा धुतले तरी तो वास जात नसे. आरंभी त्याची आई नाक मुरडी. पुढे पुढे तो वास आला की मुलगा घरी आला, असे समीकरण झाले.

आता धोक्याविषयी. धोका नाही असे सांगून मी तुमची फसवणूक करणार नाही. १४ ऑगस्ट २०१३ हा दिवस मी विसरू शकत नाही. मध्यरात्र उलटल्यावर मुंबईच्या नौदल गोदीत ‘सिंधुरक्षक’ ह्या पाणबुडीवर स्फोट झाले आणि ती धक्क्यालगतच बुडाली. तीवरील १८ जण गेले. आमचा मुलगा तेव्हा मुंबईतच, पण दुसऱ्या पाणबुडीवर होता. सकाळी दूरदर्शन लावले तो ज्वाळांची चित्रे. नाव त्याच्या पाणबुडीचे नव्हते हे दिसत होते, तरी मदतीला कोण धावले असेल, कोण कोठे झोपले असेल, हे कोणास ठाऊक? त्याचा फोन लागत नव्हता. नातेवाइकांचे फोन मात्र एकामागून एक येत होते. एका आप्तांनी तर खात्री न करताच सांत्वनाचे शब्द उच्चारले. मुलाच्या आईच्या हातातील फोन त्या शब्दांनी गळून पडला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलाचा आवाज ऐकू आला. “मी ठीक आहे. नंतर बोलतो.” एवढेच. आम्ही देवापुढे दिवा लावला, पण पेढे वाटले नाहीत. देशातल्या अठरा घरांत त्या संध्याकाळी असा फोन आला नव्हता.

त्या दिवसाने आम्हांला काही नियम शिकविले. पहिला हा की अशा वेळी घरातील एकच फोन मोकळा ठेवावा, आणि नातेवाइकांना उत्तरे देण्याचे काम दुसऱ्या एखाद्या शांत माणसाकडे द्यावे. दुसरा, चित्रवाणीसमोर बसून राहू नये. तेथे तेच चित्र शंभर वेळा दाखवितात, आणि प्रत्येक वेळी ते नवे घडते आहे असे मनाला वाटते. तिसरा सर्वांत महत्त्वाचा. अधिकृत बातमी नौदल कुटुंबाला कळवते, आणि ती नोंदीत जे निकटचे आप्त म्हणून लिहिलेले असतात त्यांना प्रथम कळते. म्हणून त्या नोंदीत आपला आजचा पत्ता आणि आजचा फोन आहे ना, हे मुलाला दर रजेत विचारावे. घर बदलले, क्रमांक बदलला, आणि नोंद मात्र जुनीच राहिली, असे पुष्कळ ठिकाणी घडते.

येथे एक नाजूक गोष्ट सांगतो. मुलाचे लग्न झाले की निकटची आप्त म्हणून सामान्यतः पत्नीचे नाव लागते. बातमी, चांगली असो वा वाईट, प्रथम सुनेकडे येते. नौदलाच्या वसाहतीत तिला सोबतही मिळते. तेथे कुटुंबकल्याणाची संघटना आहे, शेजारणी त्याच अनुभवातून गेलेल्या असतात. जबलपूरला, नागपूरला किंवा सांगलीला बसलेल्या सासूसासऱ्यांना हा आधार आपोआप लाभत नाही. त्यांचा आधार सूनच. तिच्याशी ज्या घराचे बोलणे तुटले, त्या घराची पाणबुडीशी असलेली एकमेव तारही तुटली असे समजावे. तेव्हा, सासूबाईंनो, मानापमानाचे हिशेब थोडे बाजूला ठेवा. तीही तुमच्यासारखीच वाट पाहत असते, आणि तिच्या कडेवर बहुधा एक मूलही असते. लग्न ठरविताना मुलीकडच्यांपासून ह्या नोकरीचे स्वरूप लपवू नये, हेही ओघाने आलेच. पगार आणि भत्ता सांगावयाचा आणि मौन सांगावयाचे नाही, हा व्यवहार बरा नव्हे.

आता वाईट बातमीविषयी. ती नेहमी समुद्राकडूनच येते असे नाही. पुष्कळदा ती घरात घडते, आणि मुलगा पाण्याखाली असतो. इंग्लंडच्या अणुपाणबुड्यांवर असा प्रघात आहे, की घरून आठवड्याला ठरावीक शब्दांचा एक निरोप पाठविता येतो. आरंभी तो चाळीस शब्दांचा असे. नाविकाला त्याचे उत्तर देता येत नाही, आणि दुःखद मजकूर त्यात जाऊ देत नाहीत. निरोपाची अशी सोय असो वा नसो, प्रश्न सगळीकडे तोच आहे. सांगावे की थांबावे?

आमच्या घरी हा प्रश्न मुलानेच एका रजेत काढला. आजी तेव्हा नव्वदीच्या घरात होती. तो मला हळू आवाजात म्हणाला, “आजीचे काही झाले तर मी वर आल्यावरच सांगा. खाली असताना कळून मी येऊ शकणार नाही, आणि माझे लक्ष उडाले तर शेजारच्या माणसांच्या जिवाशी खेळ होईल.” मी काही बोलणार इतक्यात आतल्या खोलीतून आवाज आला, “अरे, मला विचारा की! मरायचे मला आहे. मी सांगते, कळवू नका. तो आल्यावर त्याला नर्मदेवर घेऊन जा.” म्हातारीचे कान शेवटपर्यंत तीक्ष्ण होते.

२०१६ च्या पावसाळ्यात ती गेली. मुलगा समुद्रात होता. आम्ही ठरल्याप्रमाणे वागलो. सुतकात भेटावयास आलेल्यांनी नातवाविषयी विचारले, काहींनी अशी कसली नोकरी म्हणून नापसंती दाखविली, एकदोघांनी आम्हांलाच कठोर म्हटले. आम्ही ऐकून घेतले. पाच आठवड्यांनी विशाखापट्टणमहून त्याचा फोन आला. मी “बोल” म्हटले, आणि माझ्या आवाजावरूनच त्याने ओळखले. तो फक्त “आजी?” एवढेच म्हणाला. रजा मिळाल्यावर तो आला, तेव्हा आम्ही दोघे ग्वारीघाटावर गेलो. त्याने मला तिथी नव्हे, तारीख आणि वेळ विचारली. मी सांगितली. त्याने बोटांवर काहीतरी मोजले आणि म्हणाला, “त्या वेळी मी पहाऱ्यावर होतो. झोपेत नव्हतो.” ह्या गोष्टीने त्याला कसले समाधान मिळाले, हे मी विचारले नाही. पण ते मिळाले, हे मला दिसले.

प्रत्येक घराने असेच करावे असे माझे म्हणणे नाही. त्याच्याच एका मित्राने घरी बजावले होते, की काहीही झाले तरी कळवा. कळवावयाचे की नाही हे शेवटी माझे कप्तान ठरवतील. तेही योग्यच. माझा आग्रह एवढाच, की हा निर्णय प्रसंग आल्यावर घाबऱ्या मनाने घेऊ नये. रजेत, जेवणे झाल्यावर, शांतपणे बसून, मुलाला विचारून घ्यावा. ज्या वडीलधाऱ्यांविषयी तो निर्णय आहे, त्यांनाही विचारावे. आपण समजतो त्याहून ती माणसे धीराची असतात.

त्याच बैठकीत व्यवहाराच्या गोष्टीही उरकून घ्याव्या. बँकेच्या खात्यावर दुसरे नाव, विम्याचे आणि भविष्यनिर्वाहाचे वारस, घराची कागदपत्रे, ह्यांसाठी सही हवी असते, आणि सही करणारा हात दीड महिना पाण्याखाली असतो. आईवडील मुलावर अवलंबून असतील तर आश्रित म्हणून त्यांची नोंद करून घ्यावी. नियमांत बसत असेल तर लष्करी रुग्णालयात उपचार मिळतात, आणि जबलपूरसारख्या छावणीच्या गावात ही मोठीच सोय आहे. आणखी एक पत्ता लिहून ठेवावा, तो म्हणजे मुलाच्या तळावरील कार्यालयाचा. पूर्वी अडीअडचणीला तार करीत. सरकारी तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आता कोणत्या क्रमांकावर, कोणत्या अधिकाऱ्यास, कोणत्या शब्दांत कळवावयाचे, हे आधी विचारून वहीत टिपून ठेवणे हाच उपाय.

पत्रे मात्र लिहीत जा. फ्लीट मेल ऑफिसच्या पत्त्यावर पाठविलेली पत्रे मुलगा बंदरात परतेपर्यंत थांबतात, आणि परतल्यावर ती त्याला एकदम मिळतात. त्याची आई प्रत्येक पत्रावर क्रमांक घाली, म्हणजे वाचताना घोटाळा होऊ नये. त्यांत विशेष काही नसे. पेरूला फळ धरले, शेजारच्या मांजरीला पिले झाली, लोणच्याला बुरशी आली. मुलगा सांगे, की गुप्त समुद्रातून आलेल्या माणसाला ह्याच बातम्या हव्या असतात. दीड महिना जग थांबले नव्हते, आणि ते अजून आपलेच आहे, हे त्यावरून कळते.

दुसऱ्या एका गोष्टीत मात्र लेखणी आणि जीभ दोन्ही आवरावी लागतात. मुलगा कोणत्या दिवशी निघाला, केव्हा परतणार, कोणत्या पाणबुडीवर आहे, हे शेजारी, नातेवाईक, लग्नातली पाहुणेमंडळी ह्यांना सांगू नये. हौसेने भ्रमणध्वनीवरील गटात छायाचित्र टाकू नये. २०१९ च्या अखेरीस हेरगिरीची प्रकरणे उघडकीस आल्यावर नौदलाने आपल्या तळांवर आणि युद्धनौकांवर अशा फोनांना आणि फेसबुकसारख्या माध्यमांना बंदी केली. जो नियम मुलगा तेथे पाळतो, तो आईवडिलांनी येथे मोडावा हे शोभत नाही. कोणी अनोळखी माणूस फोनवर स्वतःला अधिकारी म्हणवून चौकशी करू लागला, तर नाव आणि क्रमांक विचारून फोन ठेवून द्यावा, आणि मुलाच्या कार्यालयाला कळवावे. मी तर शेजाऱ्यांना एकच उत्तर देई, “नोकरीवर आहे.” ते खरेही असे आणि पुरेसेही.

मग एके दिवशी मुलगा घरी येतो. त्या पहिल्या दोन-तीन दिवसांत आईवडिलांकडून प्रेमापोटीच चुका होतात. आम्ही पहिल्या रजेत सगळे आप्त जेवावयास बोलावले, आणि मुलगा पानावरून उठून गच्चीवर जाऊन बसला. आम्हांला राग आला. पुढे समजले, की अनेक आठवडे त्याच चाळीस-पन्नास माणसांत, बंद नळीत, कुजबुजत्या आवाजात राहिलेल्या माणसाला गर्दी, ऊन आणि गोंगाट एकदम सोसत नाहीत. त्याची नजरही काही मीटरांपलीकडे जाण्याची सवय विसरलेली असते. म्हणून त्याला आधी झोपू द्यावे. वेळी-अवेळी उठला तर उठू द्यावे. काय केलेस, कोठे गेला होतास, भीती वाटली का, असे विचारू नये. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे तो देऊ शकत नाही, आणि तिसऱ्याचे उत्तर तो आपण होऊन, आपल्या सवडीने देतो. मुली पाहण्याचा कार्यक्रम तर पहिल्या आठवड्यात मुळीच ठेवू नये.

शेवटी आईवडिलांनी स्वतःलाही जपावे. वाट पाहणे हे अंगमेहनतीसारखेच थकविणारे काम आहे. झोप उडते, रक्तदाब वाढतो, आणि पुरुष माणसे तर काही न बोलता चिडचिडी होतात. मी झालो होतो. अशा वेळी डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा नाही. आपल्या शहरात नौदलातून निवृत्त झालेले कोणी असतील तर त्यांना गाठावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारले तर अशी माणसे भेटतात. आम्हांला एक वृद्ध निवृत्त नौसैनिक भेटले. ते महिन्यातून एकदा चहाला येत, आणि येऊन फारसे काही बोलतही नसत. पण पाण्याखाली राहून परत आलेला एक धडधाकट म्हातारा समोर बसून बशीतून चहा पितो आहे, ह्या दृश्याने मुलाच्या आईला जेवढा धीर दिला, तेवढा माझ्या कोणत्याही व्याख्यानाने दिला नाही. धीराचे आणखीही एक कारण सांगतो. संकटातील पाणबुडीतून माणसे सोडवून आणणारे खोल पाण्यातले बचाववाहन २०१८ पासून आपल्या नौदलाजवळ आहे. मुले एकटी नाहीत.

श्रोतेहो, आम्ही नर्मदाकाठची माणसे. नर्मदेची परिक्रमा करणारे आमच्या दारावरून पिढ्यान्‌पिढ्या जात आले आहेत. परंपरेप्रमाणे ती परिक्रमा तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवसांची. पूर्वी परिक्रमेला निघालेल्या माणसाची घरी चिठ्ठी येत नसे. वाटेत अरण्य, नदीच्या मुखाशी तर नावेने समुद्रही ओलांडावयाचा. घरचे लोक म्हणत, “परिक्रमेत आहेत,” आणि आपापल्या कामाला लागत. त्यांना काळजी नव्हती असे नव्हे. माणूस कोठे आहे हे ठाऊक नसले, तरी तो कशासाठी गेला आहे हे त्यांना ठाऊक होते, आणि तेवढ्यावर घर चालत असे.

मुलगा आता किनाऱ्यावरील कामावर आहे. फोन रोज येतो. क्वचित एखाद्या दिवशी येत नाही, आणि अजूनही त्याची आई संध्याकाळी दारापाशी जाऊन उभी राहते. मी विचारले तर म्हणते, “काही नाही. सवय.” आज ज्यांचे मूल पाण्याखाली आहे, अशा प्रत्येक घरी कोणीतरी असेच दारात उभे असेल. त्यांना मी एवढेच सांगेन, की दिवा लावा, जेवून घ्या, आणि उद्याच्या पत्रावर पुढचा क्रमांक घाला.